देशोदेशी नाचायचं तर पायात काय घालावं? चार प्रकारच्या डान्स शूजचं परीक्षण

डान्स शूजच्या दुकानात कपाटं नाचाच्या नावाने लावलेली असतात. इथे साल्सा, तिथे टँगो, वरच्या फळीवर बॉलरूम. एकाच शहरातल्या एकाच स्टुडिओत नाचणाऱ्याचं त्यावर छान भागतं. पण संयुक्त राष्ट्रांचे १९३ सदस्य देश एकेक करून पालथे घालायचे आणि जिथे जाऊ तिथल्या लोकांत मिसळून नाचायचं, असा ज्यांचा बेत आहे त्यांना ही वर्गवारी फारशी कामाची नाही. सोल कसा हवा हे पायाखालची जमीन ठरवते. टँगोचंच बघा. ब्युनोस आयर्समधल्या सलोन कॅनिंगची जमीन लाकडी पार्केची आहे, आणि त्याच शहरातल्या सुंदरलँड क्लबात मिलोंगा, म्हणजे टँगो नाचाची बैठक, भरत आली ती बास्केटबॉलच्या कोर्टवर. नाच तोच, गाणी तीच, पण एका जागी लोण्यासारखा फिरणारा बूट दुसऱ्या जागी गुडघा पिळून काढू शकतो.

म्हणून या परीक्षणात कसोटी एकच ठेवली आहे: एका पिशवीत मावणारा जोड किती वेगवेगळ्या जमिनींवर चालतो. प्रकार चार. टाचेचे स्वेड सोलवाले शूज, मधोमध तुटक सोल असलेले डान्स स्नीकर, चामडी सोलचे सपाट लेसवाले बूट, आणि साध्या कॅनव्हास बुटाला स्वतः स्वेड चिकटवून केलेला जुगाड. निकाल आधीच सांगून टाकतो. एकाच जोडाला जागा असेल तर चामडी सोलचा सपाट जोड घ्या. दोन जोड मावत असतील तर दुसरा जुगाडाचा. टाचांचे शूज फक्त ठरलेल्या हॉलसाठी. स्नीकर सगळ्यात शेवटी.

आता कारणं.

स्वेड म्हणजे चामड्याची लवदार बाजू. ही लव लाकडी फ्लोअरला हलकेच धरते आणि वजन पुढे सरकलं की सोडते. त्यामुळे गिरकी सुरूही होते आणि हवी तिथे थांबवताही येते. इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलच्या एम्प्रेस बॉलरूमसारखा खालून लवचिक असलेला लाकडी फ्लोअर डोळ्यांपुढे ठेवूनच हा सोल बनवला जातो. फिनलंडमधल्या उन्हाळी नाच-मंडपांचे लाकडी फ्लोअर गुळगुळीत राखलेले असतात, तिथेही तो उत्तम. (तिथे एका जोडीदाराबरोबर सलग दोन गाणी नाचायची रीत आहे. पहिल्याच गाण्यात बूट घसरायला लागला तर दुसरं गाणं फार लांब वाटतं.)

बिघडतो तो तीन कारणांनी: मेण, धूळ आणि पाणी. फ्लोअरचं मेण, सांडलेलं पेय आणि बारीक माती लवेत दाबली जाते आणि अंगठ्याच्या मुळाखाली, जिथे गिरकीचं सगळं वजन येतं तिथे, रुपयाएवढा काळा, चकचकीत चट्टा तयार होतो. सोल उजेडात तिरका धरला की तो लगेच दिसतो. तेवढ्याच भागात स्वेड स्वेड राहिलेला नसतो. बाकीचा सोल नवा दिसतो म्हणून माणूस फ्लोअरला दोष देत बसतो. उपाय म्हणजे तारेचा ब्रश. सोलवरून बोट फिरवा, ज्या दिशेला लव उभी राहते त्या दिशेने ब्रश ओढा, हात हलका ठेवा. चट्ट्यावर पाच-सहा फटके, बाकी सोलवर दोन-तीन पुरेत. जोर लावून खरवडलंत तर लव उपटून येते आणि सोल वर्षाच्या जागी काही महिन्यांत पातळ होतो. आणि हे काम फ्लोअरच्या कडेला बसून करू नका. निघालेला भुगा दुसऱ्यांच्या सोलखाली जातो. कचऱ्याच्या डब्यावर बूट धरून करा.

पाणी हा जास्त वाईट शत्रू. भिजलेलं स्वेड वाळताना लव चिकटून कडक होते. अशा वेळी आत कागदाचे बोळे भरून बूट सावलीत, खोलीच्या तापमानाला वाळू द्यावा आणि पूर्ण वाळल्यावरच ब्रश करावा. हेअर ड्रायर लावलात तर सोल चिकटवलेला गोंद सैल पडतो, कडा उचलते आणि मग ब्रशचं काम उरत नाही, मोच्याचं सुरू होतं. म्हणून हॉटेलपासून हॉलपर्यंत स्वेड घालून चालत जाऊ नये. हे नियम म्हणून सगळे सांगतात, कारण मात्र फारसं कुणी सांगत नाही.

टाचेच्या शूजकडे येऊ. बायकांच्या लॅटिन शूजची टाच साधारण अडीच ते तीन इंच, पुरुषांच्या लॅटिन बुटांची दीड इंचाच्या आसपास, तर स्टँडर्ड प्रकारात पुरुषांची टाच एक इंचच. कारागिरीच्या बाबतीत हाच प्रकार सगळ्यात सरस. तळव्याच्या कमानीखाली धातूची पट्टी असते, तिला शँक म्हणतात. टाच आणि पुढचा पंजा यांच्यामध्ये बूट खचू नये हे तिचं काम. घेताना टाच टेबलावर टेकवून पंजाचा भाग वर उचलून बघा. बूट पंजाच्या सांध्यापाशी वाकला पाहिजे, कमानीपाशी वाकला तर शँक कमजोर आहे. लॅटिन सँडलमध्ये बोटं सोलच्या पुढच्या कडेपर्यंत आली पाहिजेत. पुढे रिकामी जागा राहिली की सोलची ती कडा दुमडते आणि पाऊल अडखळतं. रोजच्या चपलेसारखी मोकळी जागा ठेवून घेतलेला जोड म्हणूनच फसतो.

तरीही प्रवासाला या प्रकाराला आमच्याकडून पाचपैकी अडीच. एक तर अरुंद टाच फरशीच्या सांध्यात आणि दगडी रस्त्याच्या फटीत अडकते. दुसरं, टाचेच्या टोकाला असलेली प्लास्टिकची टोपी झिजली की आतली धातूची पिन उघडी पडते. ती लाकडावर खड्डे पाडते, टाइल्सवर सरळ घसरते. पिन दिसण्याआधीच टोपी बदलायची असते. सुट्या टोप्यांची एक जोडी आणि वरून चढवायची पारदर्शक टाच-कव्हरं जवळ ठेवा, पण तुमच्या टाचेच्या घेराची, कारण सैल कव्हर चिकट फ्लोअरवर पहिल्याच गिरकीत मागे राहून जातं. तिसरं कारण सगळ्यात मोठं. हवानातल्या कायेहोन दे आमेलच्या गल्लीत रविवारी दुपारी रुम्बा रंगतो तो गल्लीच्या जमिनीवरच. सेनेगलमधल्या डाकारमध्ये साबर हा ढोल वाजतो तेव्हा गोल भरतो तो वस्तीतल्या रस्त्यावर, पुष्कळदा वाळूवर. तिथे टाचेचा स्वेड पिशवीतून बाहेर काढण्यात अर्थ नाही. कासिनो या क्युबन जोडीच्या नाचाची सुरुवात १९५० च्या दशकात हवानातल्या क्लबांत झाली हे खरं, पण आज तो नाचणाऱ्यांच्या पायात बहुतेक वेळा रोजचेच बूट असतात.

या प्रकाराचा अपवाद ब्युनोस आयर्स. तिथे टाचेचे शूज न्यावेत, किंवा तिथेच घ्यावेत. मिलोंगात गाणी तांदाने, म्हणजे गटागटाने लागतात: टँगोच्या तांदात बहुधा चार, वाल्सच्या आणि मिलोंगा याच नावाच्या नाचाच्या तांदात तीन. तांदा सुरू झाला की मध्येच जोडीदाराला सोडून बूट बदलायला जाणं शिष्टाचारात बसत नाही. तेव्हा आत शिरल्यावर आधी जमीन तपासा, मगच लेस बांधा.

जमीन तपासायची रीत सोपी आहे आणि कुठल्याही देशात चालते. पंजावर वजन घ्या, टाच जेमतेम उचला आणि पाव गिरकी घ्या. बूट जागचा न हलता गुडघ्यात ओढ जाणवली तर जमीन चिकट आहे. हट्टाने फिरत राहिलात तर शरीर वळतं, पाऊल तिथेच राहतं आणि सगळा पीळ गुडघ्याच्या सांध्यात जातो. मग बाजूला एक लांब पाऊल टाका आणि वजन पूर्ण टाकल्यावर पाय आणखी पुढे पळतो का बघा. पळाला तर जमीन घसरडी. कोपऱ्यात करून बघितलंत तर मधोमधही करा. मध्यभागी मेण झिजलेलं असतं आणि कडेला टेबलांजवळ पेयं सांडलेली असतात, त्यामुळे एकाच हॉलमध्ये दोन निकाल मिळतात.

चामडी सोलचा सपाट बूट इथे बाजी मारतो, कारण तो दोन्हीकडे वळवता येतो. गुळगुळीत चामडं चिकट जमिनीवर, म्हणजे जुन्या लिनोलियमवर, रंगवलेल्या काँक्रिटवर, दारू सांडलेल्या बारच्या फरशीवर स्वेडपेक्षा मोकळं फिरतं. जमीन घसरडी निघाली तर तारेच्या ब्रशने पंजाखाली आडव्या रेघा ओढायच्या, आणि तेवढ्याने भागलं नाही तर ओल्या फडक्यावर एकदा पाय टेकवून घ्यायचा. पकड गाण्या-दोन गाण्यांपुरती वाढते, मग पुन्हा टेकवायचा. खरबरीत काँक्रिटवर स्वेड भराभर उडतं, चामडं बरंच टिकतं. कोलंबियातल्या काली शहरातला साल्सा पायांच्या चापल्याचा, गिरक्यांपेक्षा भरभर पडणाऱ्या पावलांचा. तिथे हलका, सपाट आणि पायाला घट्ट बसणारा जोडच लागतो. स्वीडनमधल्या हेरेंगच्या नृत्यशिबिरात, जिथे १९८२ पासून उन्हाळ्यात लिंडी हॉप नाचणारे जमतात, तिथेही सपाट बुटांचंच राज्य.

उणिवा आहेत. चामडी सोल पातळ असतो, धक्का शोषत नाही. काँक्रिटवर तीन-चार तास नाचलं की नडगीचं हाड आतल्या बाजूने दुखायला लागतं. ३ मिलिमीटरचा फोमचा इनसोल टाकला तर फरक पडतो, पण तो आतली जागा खातो. म्हणून बूट घेतानाच इनसोल घालून मापावा. मापाबद्दलही सांगायला हवं. युरोपीय मापात एक आकडा म्हणजे पाऊण सेंटीमीटरपेक्षा थोडं कमी, नेमकं ६.६७ मिलिमीटर. ब्रिटिश मापात एक आकडा ८.४७ मिलिमीटर. त्यामुळे तक्त्यावरून केलेलं रूपांतर नेमकं जुळत नाही. परदेशी संकेतस्थळावरून मागवताना पावलाची लांबी मिलिमीटरमध्ये कळवा, तीही उभं राहून, पूर्ण वजन टाकून, दोन्ही पायांची. मोठ्या पायाचं माप धरा.

डान्स स्नीकर दिसायला आकर्षक, घातल्यावर आरामदायी, आणि फसवे. तुटक सोलमुळे पाऊल छान वाकतं, पंजाखाली गिरकीसाठी गोल गुळगुळीत ठिपका असतो. पण तो ठिपका गुळगुळीत फ्लोअरवरच काम करतो. धूळ असली की तो फिरतो आणि त्याच्या कडेचा रबर अडतो, म्हणजे गिरकी अर्ध्यात खाडकन थांबते. शिवाय यातल्या बऱ्याच बुटांचा सोल पॉलियुरेथेनचा असतो. दमट, उष्ण हवेत हे प्लास्टिक हळूहळू पाण्याशी अभिक्रिया होऊन तुटतं. दोन-तीन वर्षं कपाटात पडून राहिलेला, न वापरलेला जोडही एका संध्याकाळी भुसभुशीत होऊन तुकड्यांनी गळतो. सवलतीत मिळालेला जुना साठा घेण्याआधी अंगठ्याने सोल दाबून बघा. दाबल्यावर बारीक भेगा दिसल्या किंवा बोटाला चिकट लागलं तर ठेवून द्या. मोठ्या प्रवासात असा जोड सोबत असणं म्हणजे उसनवारीवर अवलंबून राहणं.

आता जुगाड, जो आमच्या मते सगळ्यात कमी नावाजलेला, पण फार उपयोगी आहे. सपाट रबरी तळाचा साधा कॅनव्हास बूट घ्या. तळाला खोल नक्षी नको, नाहीतर चिकटायला पुरेशी जागा मिळत नाही. दीड ते दोन मिलिमीटर जाडीचं सोलसाठीचं स्वेड आणा. तळ स्पिरिटने पुसा, ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक जाईपर्यंत घासा, पुन्हा पुसा. स्वेडच्या पाठीवर आणि तळावर दोन्हीकडे काँटॅक्ट अ‍ॅडहेसिव्हचा पातळ थर द्या. इथेच बहुतेकांचं चुकतं: ओला असतानाच जोडतात. थर दहा-पंधरा मिनिटं वाळू द्यायचा. बोट लावल्यावर गोंद बोटाला येऊ नये, एवढा. मग टोकाकडून सुरुवात करून मागे बसवत न्यायचं. एकदा टेकलं की सरकवता येत नाही, म्हणून आधी पेन्सिलीने कडा आखून ठेवा. हातोडीने मधून बाहेर ठोका, जास्तीचं स्वेड धारदार चाकूने कडेशी कापा आणि २४ तास हात लावू नका. टाचेखाली स्वेड लावावं की नाही यावर मतं आहेत. आमचं मत नाही. टाचेचा रबर तसाच ठेवलात तर थांबायला ब्रेक मिळतो आणि जिन्यावर पाय निसटत नाही.

सोबत पाठीला गोंद असलेले तयार स्वेड तुकडेही मिळतात. ते एका-दोन रात्रींचे सोबती. गरम जमिनीवर गोंद मऊ होऊन तुकडा बाजूला सरकतो. रबरी तळाला पॅकिंग टेप लावायची युक्ती त्याहून तात्पुरती आहे, आणि टेप सुटली की गोंदाचे डाग यजमानांच्या फ्लोअरवर राहतात. त्यापेक्षा बुटावरून पंजाला चढवायचे लवचिक मोजे बरे. मूठभर वजन, धुता येतात, चिकट जमिनीवर बूट फिरू देतात. जिने चढताना आणि ओल्या फरशीवर मात्र काढून ठेवा. पाचपैकी साडेतीन, आणि ते केवळ पिशवीत जागा खात नाहीत म्हणून.

पावडर आणि तेल यांना आमचा विरोध आहे. फ्लोअरवर टाल्कम टाकलं की तुमची सोय होते आणि शेजारचं जोडपं पडतं. सोलला एरंडेल चोळून पकड वाढवायची जुनी पद्धत बॉलरूममध्ये आहे, पण त्याचे डाग राहतात आणि बऱ्याच हॉलमध्ये मनाई असते. बॅलेची राळ सोशल डान्सच्या फ्लोअरवर नेऊ नका, चिकटपणा पुढच्या माणसाच्या गुडघ्याला भोवतो.

काही नाचांना यातलं काहीच लागत नाही. जॉर्जियातले पुरुष मऊ चामड्याच्या बुटांत, आत कसलाही आधार न घेता, दुमडलेल्या बोटांवर उभे राहतात. ते बूट तिथल्याच कारागिराकडून घ्यावेत. आयरिश नाचाच्या कठीण बुटांना पुढे आणि टाचेला फायबरग्लास असतं, फ्लामेंकोच्या बुटांना खिळे. हे दोन्ही भाड्याच्या खोलीतल्या लाकडी जमिनीची वाट लावतात. वर्गाला जाण्याआधी बूट चालतील का ते विचारून घ्या, फ्लामेंकोच्या माहेरी सेव्हिलमध्येही. जपानमध्ये तोकुशिमाच्या आवा ओदोरी या नृत्योत्सवात (१२ ते १५ ऑगस्ट) बायका गेता, म्हणजे लाकडी खडावा, पुढे कलत्या ठेवून नाचतात. ते जोडे स्वतःच्या बुटांनी भरून काढता येत नाहीत, पण बघ्यांच्या गर्दीत साध्या बुटांनीही नाचता येतं.

विमानतळाचं थोडं. डान्स शूज नेहमी हातातल्या पिशवीत ठेवा. सामान उशिरा आलं तर कपडे विकत मिळतात, पायाला बसलेला जोड मिळत नाही. शँक असलेला जोड एक्स-रेवर ठळक दिसतो, पिशवी उघडायला सांगितली तर त्यात विशेष काही नाही. तारेचा ब्रश मात्र मोठ्या बॅगेत टाका, हुज्जत टळते. काँटॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह ज्वलनशील असतो, तो हातातल्याही आणि मोठ्याही बॅगेत नेता येत नाही. चिकटवण्याचं काम निघण्याआधी उरकून घ्यावं. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात बुटांना माती लागलेली असेल तर ती प्रवेशपत्रावर जाहीर करावी लागते. डाकारच्या वाळूत नाचलेला जोड शिवणीपर्यंत घासून, वाळवूनच न्या, आणि शंका असेल तर जाहीर करा. लपवलं तर दंड होतो, जाहीर केलं तर फार तर साफ करायला लावतात. अजगराच्या कातड्याचे शूज मोहात पाडतात, पण अजगराच्या जाती साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात येतात आणि सीमेवर कागदपत्रं मागितली जाऊ शकतात. त्यापेक्षा तशी नक्षी उठवलेलं साधं चामडं घेतलेलं बरं.

साठवताना प्लास्टिकची पिशवी नको. घाम आत कोंडला की चामड्याला बुरशी येते. सुती पिशवी, आत सिलिका जेलच्या दोन पुड्या, आणि दमट देशात रोज नाचून आल्यावर रात्रभर जोड पिशवीबाहेर. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नका, तिथे सोलचा गोंद सुटतो.

नवा जोड वाटेत घ्यायचा झाला तर विमानातून उतरलेल्या दिवशी घेऊ नका. लांब प्रवासात बसून बसून पावलं सुजतात, आणि त्या दिवशी बरोबर वाटलेलं माप दोन दिवसांनी टाचेत ढगळ होतं. सूज उतरल्यावर, संध्याकाळी, नाचताना घालता तेच मोजे घालून जा आणि दुकानातल्या गालिच्यावर नव्हे, फरशीवर चार पावलं फिरून बघा. पाव गिरकी घेताना टाच बुटात वर उचलली जात असेल तर अर्धा आकडा लहान मागा. चामडं वापराने रुंदीला सैल होतं. लांबीला मात्र बूट जसा घ्याल तसाच राहतो.